बाबांचं पाणी

“पाणी बदलतच नाही? काहीतरीच काय सांगतेस!” माशांच्या दुकानातला माणूस हातातली जाळी तशीच धरून हसला. “पोवळ्यांची टाकी आहे ना तुमची? आठवड्याला, गेला बाजार पंधरा दिवसांनी तरी थोडं पाणी बदलावंच लागतं. नाहीतर पोवळी मान टाकतात.”

“आमच्या पोवळ्यांनी नाही टाकली,” मुलगी ठसक्यात म्हणाली.

“कशी टाकतील? तू त्या लिफ्ट दुरुस्त करणाऱ्यांचीच ना? ते माझ्याकडून समुद्री मीठ नेतात की नेहमी. ते काय भाजीत घालतात?”

माशांच्या खाण्याचा डबा घ्यायला ती आली होती. तो तिथेच विसरून ती तडक घराकडे निघाली.

टाकी तिच्या बाबांची. इस्पितळात जायच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी धापा टाकत मीठ कालवून ताजं पाणी घातलं होतं, आणि मग ते घरी आलेच नाहीत. तेव्हापासून तिनं सगळ्यांना बजावून ठेवलं होतं, या पाण्याला कुणी हात लावायचा नाही. हवेनं उडून जाईल तेवढं साधं पाणी ती वरून घालायची, बस्स. पुढे आईनं दुसरं लग्न केलं. लिफ्ट दुरुस्त करणारे ते काका घरात राहायला आले, त्यांनाही तिनं पहिल्याच दिवशी हे सांगून टाकलं. काकांनी नुसती मान डोलावली. पोवळी तेव्हा मलूल झाली होती, दिवसदिवस मिटून बसायची. मग हळूहळू सावरली, फुलली. बाबांच्या पाण्यातच जीव आहे, असं ती मैत्रिणींना सांगायची. काकांशी मात्र कामापुरतंच बोलायची.

आज शाळा लवकर सुटली होती, हे काकांना ठाऊक नव्हतं. तिनं दार ढकललं तेव्हा ते टाकीपाशी गुडघे टेकून बसले होते. टाकीतली नळी खाली बादलीत सोडलेली. पलीकडे नव्या पाण्याची बादली तयार.

“कधीपासून?” तिनं विचारलं.

काकांनी नळीचं तोंड अंगठ्यानं दाबून धरलं. “आल्यापासून,” ते म्हणाले. “पोवळी हातची चालली होती गं. पाणी ठेवायचं की पोवळी, हे तुला विचारायचा मला धीर झाला नाही. मग मीच ठरवलं. चुकलं असेल माझं.”

“म्हणजे बाबांचं पाणी तुम्ही मोरीत ओतलंत.”

काकांनी नळी काढून ठेवली, हात शर्टाला पुसले आणि स्टूल ओढून ते माळ्यापाशी गेले. जुन्या गाद्यांच्या मागून त्यांनी एक प्लॅस्टिकचा कॅन बाहेर काढला. झाकणाभोवती चिकटपट्टी गुंडाळलेली होती.

“पहिल्या वेळी काढलेलं,” कॅन तिच्यापुढे ठेवत ते म्हणाले. “ते ओतवलं नाही. पुढचंही ठेवलं असतं, पण आपला माळा तो केवढा!”

मुलगी खाली बसली. चिकटपट्टी सोडवून तिनं झाकण उघडलं, वास घेतला. शिळ्या समुद्राचा वास होता, दुसरं काही नाही. बराच वेळ ती त्या पाण्याकडे बघत राहिली. काचेपलीकडे पोवळी आपले तंतू पसरून संथ डुलत होती. तिचे डोळे भरून आले. ते तिनं बाहीनं पुसले, झाकण घट्ट लावलं आणि कॅन वर ठेवायला काकांच्या हातात दिला.

मग नव्या पाण्याची बादली स्वतःकडे ओढत ती म्हणाली, “यापुढे रविवारी बदलत जाऊ, काका. रविवारी मी घरी असते.”