जुनी यादी

अकरा वाजले की हॉस्पिटलच्या सगळ्या कॉम्प्युटरवर नवा प्रोग्राम आपोआप चढणार होता आणि ते बंद होऊन परत सुरू होणार होते. हे कॉम्प्युटर सांभाळायचं काम तिचं होतं; ऑपरेशन थिएटरचा कॉम्प्युटर तिने या यादीतून केव्हाच काढला होता. आत पेशंट टेबलावर होता. तरी स्क्रीनवर थिएटरच्या कॉम्प्युटरचा नंबर रांगेत दिसतच होता. सहा मिनिटं उरली. शेवटी तिने बाबांना फोन लावला. हॉस्पिटलची ही कॉम्प्युटर यंत्रणा त्यांनीच उभी केली होती, पण तिच्या लग्नापासून तीन वर्षं दोघांत अबोला होता.

"बाबा, यादीच्या फाईलमधून थिएटरचा कॉम्प्युटर काढला, तरी यंत्रणा ऐकत नाहीये."

"ती यादी राबवणारा, पडद्यामागे सतत चालणारा प्रोग्राम असतो ना, ती सर्व्हिस बंद करून परत चालू केलीस?"

"नाही."

"मग तिला कसं कळणार? ती सुरू होताना एकदाच यादी वाचते. नंतर तू काहीही खोड, तिच्या डोक्यात जुनंच."

तिने सर्व्हिस बंद करून परत चालू केली. नंबर रांगेतून गेला. फोन मात्र कोणीच ठेवेना.

"तुझ्यावरचा राग माझा लग्नाच्याच वर्षी गेला होता," बाबा म्हणाले. "तुला कळवायचं तेवढं राहिलं."