अकराव्या मशीनच्या धडका

"सर्व्हर बंद करायचा नाही म्हणजे नाही," रुग्णालयाचे प्रमुख म्हणाले. "बाहेर तीनशे पेशंट ताटकळतायत."

"आणि अतिदक्षता विभागात चौदा," ती म्हणाली. "त्यांच्या औषधांचे डोस याच सर्व्हरवर आहेत. कुणी आत शिरून ते बदलले तर?"

रुग्णालयाचा सगळा कारभार त्या एका सर्व्हरवर चाले, आणि तो सांभाळायला ही एकटी. त्याच्या पोटात अकरा आभासी मशीन होती, म्हणजे एकाच संगणकात थाटलेले अकरा वेगळे संगणक. प्रत्येकाला आपली भिंत, शेजारी डोकवायची सोय नाही. अकरावं बाहेरच्या कंपनीला भाड्याने दिलेलं. सकाळी तिथून कुणीतरी भिंतीला धडका देताना तिने पकडलं. ते मशीन तिने तडक बंद केलं, पण भिंतच कच्ची असेल तर आज हा भाडेकरू, उद्या दुसरा. एक जरी बाहेर पडला, की मूळ सर्व्हर त्याचा आणि सगळी घरं त्याला मोकळी.

तिने सर्व्हरच्या कंपनीकडे तक्रार केली. एरवी तीन दिवस ढिम्म न हलणाऱ्या कंपनीचा दहा मिनिटांत फोन.

"अकराव्यातून त्रास होतोय ना, ताई?" तिने सांगायच्या आतच त्याने दुखणं ओळखलं. कामाचा माणूस दिसतोय, तिला वाटलं. "दुरुस्ती पाठवलीय. सर्व्हर बंद करून बसवा. नाहीतर तासाभरात ते चोर दुसऱ्या वाटेने येतील."

प्रमुखांचं एकच पालुपद. "सोमवारी कंपनीचा माणूस येईल, तो बघेल."

"सोमवारपर्यंत चोर दारात बसून राहणार आहे का?"

"सर्व्हरला हात लावलात तर उद्यापासून घरी बसा."

"बसेन. उद्यापासून."

मोठ्या सिस्टरनी तोवर वह्या बाहेर काढल्या होत्या. "तू कर गं तुझं काम. वीस मिनिटं आम्ही हाताने लिहू. सर्व्हर नव्हता तेव्हा काय माणसं बरी होत नव्हती?"

तिने सर्व्हरच्या खोलीला आतून कडी घातली. बाहेर प्रमुख दार बडवत होते. मागे हटायला ती तयार नव्हती. कानाशी फोनवरच्या त्या माणसाचा आवाज होता. "घाबरू नका, ताई. कणा असलेली माणसं उरलीत कुठे?" तिचे डोळे भरून आले. सहा वर्षांत तिची बाजू घेणारा हा पहिलाच.

सतरा मिनिटांत सर्व्हर पुन्हा उभा राहिला. सगळे दिवे हिरवे. तिने कडी काढली आणि प्रमुखांसमोर ताठ उभी राहिली.

"काढा आता मला."

प्रमुखांनी पडद्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "राहू दे," ते पुटपुटले. "तुमचंच खरं म्हणायचं."

टेबलावरचा फोन वाजला. पडद्यावर सर्व्हरच्या कंपनीचं नाव होतं. तिने मुद्दाम स्पीकर लावला.

"ऐका, साहेब. तुमच्याच कानांनी ऐका."

पलीकडे एक बाई होती. "नमस्कार, तुमची सकाळची तक्रार आत्ताच आमच्या हाती आली, उशिराबद्दल माफ करा. या दोषावरची दुरुस्ती अजून तयार झालेली नाही. तोवर कुणी काहीही पाठवलं, तर कृपा करून बसवू नका."