दोन माणसांची गाडी

चाकांमागच्या विटा बाजूला सारून त्याने गाडी हातभर पुढे ढकलली आणि विटा पुन्हा चाकांना लावल्या. एकाच जागी टेकून राहिलेले टायर चपटतात, ओढून ठेवलेला हँडब्रेक चिकटतो. हे सारे वडिलांनी शिकवलेले. आता वडील नव्हते. दर रविवारी हात मात्र त्याच क्रमाने चालत, आणि मन कुठेच नसे.

उंदीर शिरू नयेत म्हणून सायलेन्सरच्या तोंडात कोंबलेला तारेचा बोळा त्याने उपसला आणि इंजिन सुरू केले. म्हाताऱ्या गाडीने आधी खोकून घेतले, मग घसा मोकळा केला. वरच्या मजल्यावरच्या खिडकीची काच थरथरली.

त्या खिडकीआड आई होती. वडील गेल्यापासून ती जिना उतरली नव्हती. तिचे ताट वर जाई आणि बरेचसे तसेच खाली येई. तिने काहीतरी मागावे, नुसते ‘मीठ दे’ म्हणावे, एवढ्याचीच तो वाट पाहत होता.

“झाली का महाराणींची आंघोळ?” मामा गॅरेजच्या दारात उभा होता. बहिणीला भेटायला तो रविवारी येई आणि जाता जाता भाच्यावर तोंडसुख घेई.

“पुसतोय नुसती.”

“गाडी दोन माणसांची आणि सेवेला तिसरा! अरे, काढून टाक एकदाची. माझ्या ओळखीचा एक शौकीन केव्हाचा मागे लागलाय. हा आवाज ऐकून ताईच्या जिवाला काय होत असेल, विचार केलायस कधी?”

त्याने केला नव्हता. त्याने इंजिन बंद केले. कातडी आसनांना मेण चोळताना त्याला प्रथमच वाटले, आपण इतके महिने दर रविवारी आईची जखम उघडी करत आलो की काय. वाटले तेवढेच, दुखले काहीच नाही. गाडीवर सुती खोळ चढवून तो घरात गेला.

संध्याकाळी त्याने ताट नेले, तेव्हाही आई खिडकीशीच बसली होती.

“ती गाडी काढ आता,” ती म्हणाली.

त्याचा हात ताटावरच राहिला. किती महिन्यांनी तिने काही मागितले होते!

“नक्की, आई?”

“किती दिवस नुसती झाकून ठेवणार? यांना नसतं आवडलं.”

“कधी?”

“सकाळीच काढ. उशीर केलास तर माझा धीर सुटेल.”

त्याने खाली येऊन मामाला फोन केला. “सुटलास बाबा,” मामा म्हणाला, “आणि ताईही सुटली.”

सकाळी मामा त्या शौकिनाला घेऊनच आला. थंडीत चोक किती ओढायचा, दुमडत्या कापडी टपाच्या शिवणीत पाणी कुठे झिरपते, हे सारे भाच्याने त्या माणसाला समजावून सांगितले. एखाद्या परक्याच्या गाडीविषयी बोलावे तसे. किल्ली देताना बोटे थरथरतील असे त्याला वाटले होते. ती थरथरली नाहीत. गाडी खोकली, फाटकाबाहेर पडली आणि तिचा आवाज रस्त्याच्या वळणाआड विरून गेला.

मामाने पाठीवर थाप मारली. “आता बघ, ताई खाली येते की नाही.”

तोच जिन्यावर पावले वाजली.

आई एकेक पायरी उतरत होती. पायात चपला, केसांभोवती घट्ट बांधलेला रुमाल, डोळ्यांवर वडिलांचा काळा चष्मा. कठडा तिने सोडला नव्हता, पण चेहऱ्यावर हसू होते, आणि ते पाहून त्याच्या आत इतक्या महिन्यांनी काहीतरी हलले.

“आवाज ऐकला आणि लगेच तयार झाले,” ती म्हणाली. “कुठं उभी केलीस? टप उघडून ठेव हं, मला वारा लागू दे.”