जोडाघरातली सेवा

गाडीत सासऱ्यांना उलटी झाली, थोडी त्यांच्याच बुटांवर उडाली, तर नवऱ्याने गुरुद्वारा येईपर्यंत बापाचा उद्धार केला. आता तोच गृहस्थ जोडाघरात डोक्याला रुमाल बांधून परक्या भाविकांचे जोडे मांडीवर घेऊन पुसत होता. इथली जुनी रीतच ती. येणाऱ्याचे जोडे पुसण्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. "चेहरा नीट येऊ दे," तो बायकोला म्हणाला. तिने मोबाइलवर व्हिडिओ सुरू केला. एवढ्यात रांगेतून येऊन सासऱ्यांनी आपले बूट त्याच्यापुढे ठेवले. "शी! बाबा, ही घाण इथे कशाला आणलीत? बाहेर नळावर जा!" त्याने ते कोपराने ढकलले आणि हसतमुखाने पुढचा जोड उचलला. तिने व्हिडिओ चालूच ठेवला. "छान आलंय ना?" त्याने नंतर विचारलं. "अगदी जसंच्या तसं," ती म्हणाली आणि व्हिडिओ नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकून मोकळी झाली.