सुनेची भाकरी

चंदरला एकलहऱ्याच्या वीज केंद्रात नोकरी लागली आणि त्याच्या आईने, भागीबाईने, आपल्या ताटातून नागलीची, म्हणजे नाचणीची, भाकरी हद्दपार केली. "डोंगर उतरून आलो ते हे काळं खायला नाय," असं म्हणत मायलेक वनस्पती तुपात तळलेल्या मैद्याच्या पुऱ्यांवर तुटून पडू लागले.

सून वत्सलाला मात्र नागलीच. तिचा बाप सुरगाण्याहून येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हाती धान्य पाठवायचा. "तुझ्या बापाचं तूच गीळ," म्हणून सासू तिला सगळ्यांच्या मागून मोरीपाशी बसवायची. वत्सला पालेभाजीशी ती भाकरी मुकाट्याने खायची. त्या घरात तिचं म्हणावं असं तेवढंच होतं.

पंच्याऐंशी साली भागीबाईच्या रक्तात साखर निघाली. डॉक्टरांनी पुऱ्या बंद केल्या. "नागलीची भाकरी खा, पालेभाजी खा. फार पौष्टिक असते," ते म्हणाले.

त्या दुपारी वत्सलाने भाकऱ्या थापल्या, सासूला वाढल्या, आणि सगळ्यांचं झाल्यावर उरलेली एक स्वतःसाठी उचलली.

भागीबाईने तिच्या मनगटावर फटका मारला.

 

"ठेव खाली! पौष्टिक हाय ती."