दातांतला आकडा

दाताला यंत्र टेकवलं, की जन्मभरात अंगात मुरलेले किरण मोजता येत. केंद्राजवळच्या वस्तीत सगळ्यांची तशी तपासणी चालू होती. आज वामनरावांची पाळी होती. सोबत बायको, इंदुमतीबाई होत्या; त्यांचा आकडा आधीच आला होता, अगदी नगण्य.

किरणांनी माल निर्जंतुक करणाऱ्या गॅमा केंद्रातल्या जुन्या अपघातात वामनराव जोडीदार बबनला आत टाकून पळाले, असंच सगळे मानत, इंदुमतीबाईसुद्धा.

"साडेतीन ग्रे! माणूस दगावू शकतो एवढ्यानं!" डॉक्टरीणबाई चमकल्या. "किरणांच्या खोलीत आत गेल्याशिवाय एवढे लागत नाहीत."

"आत गेला होतात? मग बोलला का नाहीत?" इंदुमतीबाईंनी विचारलं.

"बबन यंत्रात अडकलेला. ओढून निघेना." वामनराव खाली बघत म्हणाले. "आत गेलो म्हटलं असतं, तर त्याच्या आईनं विचारलं असतं, शेवटी काय बोलला म्हणून. ते तिला सांगण्यासारखं नव्हतं."

बाहेर रांगेत बबनची म्हातारी आई बसली होती. "किती आला गं यांचा आकडा?" तिनं विचारलं.

"माझ्याएवढाच," म्हणत इंदुमतीबाईंनी नवऱ्याचा हात धरला.