स्वयंपाकघरामागची खोली

"बाई, घर होतं तसंच ठेवायचं, की टाइल्स मारून नवं करायचं?" यल्लाप्पा गवंड्यानं विचारलं.

सुलक्षणाचं काही ठरत नव्हतं. जुन्या नकाशात स्वयंपाकघरामागं एक खोली होती. आता तिथं नुसती भिंत. अखेर ती म्हणाली, "होतं तसंच करू. खोली उघडा."

चार विटा निघाल्या. भोकातून हात घालून भिंतीची पलीकडची बाजू चाचपताच यल्लाप्पा पांढराफटक पडला.

"गिलावा आतून केलाय, बाई. बांधणारा बाहेर आलाच नाही."

तिनं बॅटरी मारली. आत दुसरं दार नव्हतं, खिडकी नव्हती, हाडंही नव्हती. जमिनीवर फक्त एक थापी आणि चार विटा नीट मांडून ठेवलेल्या.

"बुजवा! टाइल्सच लावू."

यल्लाप्पा सिमेंट कालवायला वळला. तेवढ्यात आतून कुणीतरी भोकात वीट बसवली आणि थापीनं हलकेच ठोकली.